मेनूवर माउस मुद्दाम थांबलाय की नुसता पुढे चाललाय, हे कसं ओळखायचं?

चौकातला_वाचक:
नमस्कार मंडळी. अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानाची वेबसाइट करतोय. वर आडवा मेनू आहे: शालेय, स्पर्धा परीक्षा, कादंबऱ्या, बालसाहित्य. प्रत्येकाखाली मोठं पॅनेल उघडतं. गिऱ्हाईक खालून वरच्या सर्चकडे माउस नेतं आणि वाटेतलं पॅनेल उगाच उघडून सगळं झाकून टाकतं. जूनमध्ये पालक घाईत असतात, त्यांना हा त्रास नको. जेक्वेरी (जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) वापरायची नाही. माउसएंटरवर, म्हणजे माउस बटणावर आला की, २०० मिलिसेकंदांचा सेटटाइमआउट (टायमर) लावून भागेल का?

कर्वेनगर_कोडर:
तीन-चार दुव्यांचा छोटा मेनू असता तर स्क्रिप्टही लागली नसती. सीएसएसमध्ये (पानाच्या मांडणीच्या भाषेत) व्हिजिबिलिटीला, म्हणजे दिसण्या-लपण्याला, ट्रान्झिशन-डिले देऊन थोडा उशीर लावला की झालं.

पेठेतला_प्रोग्रॅमर:
मोठ्या पॅनेलला नुसती वेळ मोजून पुरत नाही. रुंद बटणावरून माउस आडवा जायलाच २०० मिलिसेकंद लागू शकतात, आणि ज्याला खरंच उघडायचंय तो विनाकारण ताटकळतो. वेग मोजा. ब्रायन चर्न यांचं होव्हरइंटेंट हे जुनं प्लगिन हेच करतं: दर १०० मिलिसेकंदांनी माउसची जागा बघतं आणि मागच्या जागेपासून ६ पिक्सेलपेक्षा कमी सरकला असेल, तरच मेनू उघडतं. प्लगिन जेक्वेरीचं असलं तरी युक्ती साध्या स्क्रिप्टमध्ये सहज बसते.

माउसएंटरला जागा टिपून टायमर सुरू करा. माउसमूव्हमध्ये (माउस हलताना येणाऱ्या घटनेत) फक्त क्लायंटएक्स आणि क्लायंटवाय, म्हणजे माउसची आडवी-उभी जागा, साठवा, बाकी काही नको. टायमर वाजला की जुनी-नवी जागा ताडून बघा. अंतर कमी असेल तर उघडा, नाहीतर नवी जागा जुनी म्हणून ठेवून टायमर पुन्हा लावा. माउसलीव्हला, म्हणजे माउस बाहेर गेला की, क्लिअरटाइमआउटने टायमर रद्द. हा निर्णय माउसमूव्हवर सोपवू नका, कारण माउस थांबला की ती घटना येणंच बंद होतं, आणि आपल्याला तर नेमकं थांबणंच पकडायचंय. माउसएंटरऐवजी माउसओव्हर ही घटनाही टाळा, ती बटणाच्या आतल्या प्रत्येक स्पॅनवरून (मजकुराच्या तुकड्यावरून) वर येत राहते आणि टायमर सारखा नव्याने सुरू होतो.

चौकातला_वाचक:
उघडण्याचं कळलं, आभार. पण पॅनेलच्या टोकाला असलेल्या दुव्याकडे तिरका माउस नेला की वाटेत शेजारचं बटण लागतं. त्याचं काय?

पेठेतला_प्रोग्रॅमर:
तिरका जाणारा माउस बहुधा वेगात असतो, त्यामुळे शेजारचं पॅनेल उघडणारच नाही. आपलं मिटू नये म्हणून बंद करायला वेगळा टायमर ठेवा, साधारण ३०० मिलिसेकंद; माउस पॅनेलवर पोचला की तो रद्द. बटण आणि पॅनेल यांच्यात मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) असेल तर काढून टाका आणि तेवढीच जागा पॅनेलच्या पॅडिंगमध्ये (आतल्या मोकळ्या जागेत) द्या. त्या फटीत माउस गेला की माउसलीव्ह येतो, आणि माणूस फटीत जरा रेंगाळला की पॅनेल मिटतं.

डावीकडे इयत्तांची उभी यादी करणार असाल तर मात्र त्रिकोणाची पद्धत लागेल: माउसची आधीची जागा आणि उपमेनूच्या जवळच्या बाजूचे दोन कोपरे. माउस या त्रिकोणात सरकत असेपर्यंत दुसरी इयत्ता उघडायची नाही. आडव्या मेनूला एवढा खटाटोप नको.

औंधची_ताई:
की-बोर्डने फिरणाऱ्यांना आणि मोबाइलवाल्यांना विसरू नका, कळकळीने सांगतेय. शीर्षक खरं बटण असू द्या. क्लिक आणि एंटरने लगेच उघडू द्या, तिथे थांबायला लावू नका. पॅनेल उघडं की मिटलेलं हे स्क्रीन रीडरला सांगणारं एरिया-एक्स्पांडेड बदलत ठेवा. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या वेब-सुलभतेच्या नियमावलीतला १.४.१३ हा निकष यासाठीच आहे: माउस न हलवता पॅनेल मिटवता आलं पाहिजे, म्हणजे एस्केपची सोय करा, पॅनेलवर माउस नेता आला पाहिजे, आणि ते आपोआप गायब व्हायला नको.

टचवर ब्राउझर स्वतःच माउसच्या घटना तयार करतो, त्यामुळे एका टॅपमध्ये मेनू उघडून लगेच मिटण्याची शक्यता असते. माउसएंटरऐवजी पॉइंटरएंटर घ्या (ही घटना माउस, बोट, पेन सगळ्यांसाठी येते) आणि तिचा पॉइंटरटाइप, म्हणजे साधनाचा प्रकार, माउस असेल तरच टायमर लावा. टचस्क्रीन लॅपटॉपवरही हे नीट चालतं, कारण निर्णय यंत्राकडे बघून नाही, त्या-त्या घटनेकडे बघून होतो.

चौकातला_वाचक:
मनापासून आभार. पॉइंटरएंटर, १०० मिलिसेकंद आणि ६ पिक्सेल यांनी सुरुवात करतो. दुकानातल्या काउंटरवरचा माउस जुना आणि थरथरणारा आहे, तिथे ६ ऐवजी १० लागतील का, तेही तपासून इथेच लिहितो.