प्रति: सहा इंची बिल, कागद मात्र अकरा इंच पुढे
देवगडच्या आंबा पेढीवर सहा इंची बिल छापलं की कागद अकरा इंच पळतो, असं वर विचारलंय. पानाची लांबी थेट प्रिंटरलाच सांगा. एप्सन पद्धतीच्या डॉट मॅट्रिक्स (सलग कागदावर ठिपक्यांनी छापणाऱ्या) प्रिंटरला आधी २७, ६४ हे कोड पाठवा (इथला प्रत्येक आकडा म्हणजे प्रिंटरला पाठवायच्या एका कॅरेक्टरचा दशमान कोड), म्हणजे जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातील. मग २७, ६७, ३६, ही पानाच्या लांबीची कमांड. इंचाला सहा ओळी, म्हणून ३६. क्रम उलटा केलात तर लांबीही पुसली जाते! बिल संपल्यावर १२ पाठवा, म्हणजे कागद पुढच्या पानाच्या माथ्यावर जातो. मात्र लांबीची कमांड पोचते तेव्हा कागद जिथे असेल तोच पानाचा माथा धरला जातो, म्हणून फाडायची रेघ आधी नीट जुळवा. रकाने मावत नसतील तर १५ ने अक्षरं आकसतात, १८ ने पूर्ववत. आणि पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत तो हमखास अडकतो.