मदत हवी आहे : हिप्पोकॅम्पसच्या पेशीत एका स्पंदनामागून लगेच दुसरं का येतं?

नमस्कार. चेतापेशीत एक स्पंदन कसं तयार होतं, ते हॉजकिन आणि हक्सले यांच्या १९५२ सालच्या समीकरणांवरून मला बऱ्यापैकी कळलंय. पेशीच्या आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. उंबरठा ओलांडला की सोडियमच्या वाहिन्या धडाधड उघडतात, मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि व्होल्टेज खाली येतं. पण ती समीकरणं स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूची, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूची. माझी गाडी अडते ती हिप्पोकॅम्पसपाशी, म्हणजे मेंदूतल्या स्मरणशक्तीशी निगडित भागापाशी.

त्यातल्या सीए३ नावाच्या भागातल्या पिरॅमिडल (पिरॅमिडच्या आकाराच्या) पेशीच्या व्होल्टेजच्या आलेखात स्पंदनाचं टोक खाली येता येता मध्येच रेंगाळतं. तिथे एक कुबड दिसतं आणि त्या कुबडावरच दुसरं, तिसरं टोक उगवतं, बहुधा आधीच्यापेक्षा बुटकं. मग लांब शांतता. फार सुंदर दिसतं ते, म्हणूनच चैन पडत नाही.

शांततेचं कारण समजतं : आत साठलेलं कॅल्शियम पोटॅशियमच्या काही वाहिन्या उघडतं. प्रश्न कुबडाचा आहे. पिन्स्की-रिन्झेल यांच्या १९९४ च्या दोन कप्प्यांच्या मॉडेलमध्ये पेशीकाय (पेशीचा मुख्य भाग) आणि डेंड्राइट (तिच्या फांद्या) यांच्यात विद्युतप्रवाहाची देवाणघेवाण होते, आणि डेंड्राइटमधल्या कॅल्शियममुळे टोकांचा हा झुबका तयार होतो. पण दोन कप्प्यांमधली जोडणी फार घट्ट किंवा फार सैल केली की झुबका नाहीसा होतो. हे असं का, ते मला समीकरणांत नको, चित्रासारखं डोळ्यांपुढे यायला हवंय.

शिवाय, पेशीकायाजवळचा रेंगाळणारा सोडियम प्रवाह या कुबडाला कितपत हातभार लावतो? प्रत्यक्ष नोंदी घेतलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.