आयातीमुळे नोकरी गेली हे सिद्ध कोणी करायचं?

भोसरीकर

माझे मेहुणे भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या टूलरूममध्ये (साचे बनवणारं वर्कशॉप) बावीस वर्षं डायफिटर, म्हणजे साचे जुळवणारे कारागीर, होते. प्लॅस्टिक पार्टचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवायचे. गेल्या दिवाळीनंतर टूलरूम बंद झाली. इथे जो मोल्ड करायला तीन महिने लागतात, तो चीनमधून लाकडी पेटीत बसून महिना-दीड महिन्यात दारात येतो, तेही आपल्या कोटेशनच्या बऱ्याच खाली. कहर म्हणजे शेवटचं काम आलं ते अशाच एका पेटीतला मोल्ड दुरुस्त करायचं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथून प्लॅस्टिक बाहेर येत होतं. मेहुण्यांनी दोन दिवस निळा रंग लावून कुठे टेकतं ते बघत, दगडाने घासून तो बसवला. ज्याने पोटावर पाय दिला त्याचंच पॉलिश करून दिलं म्हणा ना.

अमेरिकेत १९६२ पासून अशा कामगारांसाठी वेगळी योजना होती, १९७४ च्या व्यापार कायद्याने ती वाढवली. तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा. कामगार खात्याने चौकशी करून ‘नोकऱ्या जाण्यात आयातीचा मोठा वाटा आहे’ असं प्रमाणित केलं, की प्रशिक्षणाचा खर्च, शिकत असताना भत्ता, दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायला पैसे. आपल्याकडे असं काही का नसावं? स्वस्त मालाचा फायदा सगळ्या देशाने घ्यायचा आणि झळ फक्त भोसरीने सोसायची?

हिशेबी

मेहुण्यांबद्दल वाईट वाटलं, पण मुद्दा पटला नाही. त्या टूलरूममधलं सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आणि ठिणगीने धातू कोरणारं स्पार्क इरोजन मशीन कुठून आलं होतं? जपान, तैवान, जर्मनी, कुठून तरी बाहेरूनच ना? सीएनसी आलं तेव्हा साध्या लेथवरचे किती टर्नर घरी बसले, त्यांना कोणी भत्ता दिला? नोकरी चीनमुळे गेली, मशीनमुळे गेली की मालकाच्या पोराला धंद्यात रस नव्हता म्हणून गेली, घरातला गॅस संपायचा तो संपतोच.

दुसरं, एकदा का आयातीच्या नावाने पैसे मिळायला लागले की जो तो चीनकडे बोट दाखवणार. आमच्या शेजारचं प्लेटिंगचं युनिट दोन पार्टनरांच्या भांडणात बसलं. तेसुद्धा आयातीच्याच खात्यात घातलं असतं.

हिंजवडी_फेज२

गंमत सांगतो. त्या अमेरिकन योजनेत ‘आयात’ म्हणजे कधीकधी आपणच होतो! सॉफ्टवेअरवाल्यांच्या नोकऱ्या भारतात हलल्या तेव्हा त्यांनीही अर्ज केले. सुरुवातीला उत्तर काय मिळालं? सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ नाही, सबब तुम्ही अपात्र. लोक कोर्टात गेले. शेवटी २००९ मध्ये सेवाक्षेत्रातले कामगारही कायद्याने आत घेतले. आमच्या प्रोजेक्टचं नॉलेज ट्रान्सफर ज्या अमेरिकनांनी दिलं, म्हणजे आपलं काम आम्हाला शिकवलं, त्यांच्यातल्या कोणी असा अर्ज केला असेल का, असं आता वाटतंय. तेव्हा कॉलवर त्यांचा आवाज ऐकून आम्ही म्युट करून हसायचो. असो.

आणि ती योजना आता जवळपास मेली आहे. १ जुलै २०२२ ला तिची मुदत संपली, तेव्हापासून नवीन अर्ज प्रमाणित होत नाहीत.

वकीलबाई

भोसरीकर, आपल्याकडे काहीच नाही असं नाही. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ ची आहे, कारखाना बंद पडला किंवा छाटणी झाली तर बेकारी भत्ता मिळतो. २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच.

पण आधी सांगा, मेहुण्यांचा पगार किती होता? आणि कागदावर सही कशावर केली?

भोसरीकर

पगार सत्तावीस हजार. सही राजीनाम्यावर. ‘घरगुती कारणास्तव’. मालक म्हणाले, असं लिहून दिलंत तर ग्रॅच्युइटीबरोबर वर एक लाख लगेच देतो, नाहीतर कोर्टात भेटू. मालकांवरही बँकेचं कर्ज होतं, माणूस वाईट नाही.

वकीलबाई

संपलं मग. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून एकवीस हजारांवरच आहे. म्हणजे हेल्परला कार्ड आहे, आणि बावीस वर्षं हात घडवलेला डायफिटर योजनेच्या बाहेर. जितकं कसब जास्त तितका आधार कमी. मला विचाराल तर चीनपेक्षा मोठा घोळ हाच आहे.

आणि राजीनामा दिला की छाटणी नाही. छाटणी दाखवली असती तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, बावीस वर्षांचे जवळपास तीन लाख होतात. शिवाय नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा असतो. ते सगळं एका ‘घरगुती कारणास्तव’मध्ये गेलं. तुमचा अमेरिकेसारखा कायदा उद्या आला तरी साहेब चौकशीला येणार, फाइल उघडणार, आणि आत आयात नाही, घरगुती कारण सापडणार.

हिशेबी

तेच तर म्हणतोय मी! कारण विचारूच नका. मर्यादा काढा, नोकरी गेली त्या प्रत्येकाला सहा महिने द्या, विषय संपला.

जुना_गिरणगावकर (आता कात्रज)

सहा महिने? हिशेबी, तुम्ही पेन्शनर दिसता. चाळिशी ओलांडलेल्या फिटरला सहा महिन्यांत कोण उभं करतं?

गिरण्यांसाठी १९८६ मध्ये केंद्राने निधी काढला होता. बंद पडलेल्या खाजगी गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. एका धंद्यासाठी वेगळी योजना तेव्हा चालली, मग आता का नको? कागदपत्रांपायी चपला झिजल्या हेही खरं. इथे पुणे स्टेशनजवळ राजाबहादूर मिलच्या आवारात आता लोक जेवायला जातात. मी एकदा जावयाबरोबर गेलो, जेवण गेलं नाही.

चाकण_पर्चेस

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. चीनचा मोल्ड मागवणारा मीच. दर कमी हे एक कारण, पण इथली टूलरूम तारीख पाळत नाही हे दुसरं. तीन वेळा ‘सोमवारी ट्रायल’ ऐकलं की माझी नोकरी जाते, आणि तेव्हा मला कोणी आयातग्रस्त म्हणणार नाही.

पुराव्याचा मुद्दा मात्र सोपा होऊ शकतो. डंपिंगविरोधी शुल्काच्या (परदेशी माल अवाजवी स्वस्तात ओतला तर लावायचा आयातकर) चौकशीत व्यापार उपाय महासंचालनालय देशी उद्योगाचं नुकसान मोजतं, त्यात रोजगारही बघतात. ज्या मालाबाबत तिथे नुकसान सिद्ध झालं त्या धंद्यातला कामगार आपोआप पात्र धरा. शुल्क सरकारच्या तिजोरीत जातंच आहे, त्यातला वाटा द्या. आत्ता शुल्क लागलं तर कारखानदाराला भाव मिळतो, ज्याची नोकरी आधीच गेली त्याला काय?

वकीलबाई

कल्पना चांगली आहे, पण तो अर्ज करायला देशातल्या एकूण उत्पादनाच्या निदान २५ टक्के माल बनवणाऱ्या उत्पादकांचा पाठिंबा लागतो. पोलादवाल्यांना ते जमतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्यासाठी आयात पोलादावर १२ टक्के तात्पुरतं संरक्षक शुल्क लागलंसुद्धा, आणि त्याने भोसरीच्या छोट्या वर्कशॉपचं पोलाद महागलं तर तक्रार कुठे करायची? टूलरूमचा तर प्रत्येक मोल्ड वेगळा. पन्नास गाळ्यांमधले पन्नास मालक एका कागदावर सही करतील?

हिंजवडी_फेज२

पुण्यात? सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर होत नाही.

भोसरीकर

सगळं वाचलं. तारखेबद्दल पर्चेसवाल्यांचं म्हणणं मेहुण्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, खरं आहे, पण स्टील उधारीवर आणायचं तर सोमवार कसा पाळणार.

परवा जुन्या मालकांचा फोन आला होता. कोणाकडे तरी अजून एक पेटी आली आहे, मोल्ड बसत नाही, रविवारी येता का म्हणून. दिवसाचे बाराशे. गेले.

हिशेबी

मग आता ते बेरोजगार धरायचे की नाही?

वकीलबाई

पैसे खात्यावर आले का?

भोसरीकर

रोख. वडापाव आणि चहा वेगळा.