मुलाने रक्षकदूताचं नाव ‘बंड्या’ ठेवलंय. चालतं का?

चंदननगरची_आई

नमस्कार. आम्ही चंदननगरला राहतो, मूळचे संगमनेरकडचे. धाकट्याचा यंदा फर्स्ट कम्युनियनचा (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या तयारीचा) वर्ग चालू आहे. सिस्टरनी रक्षकदूताचा, म्हणजे देवाने प्रत्येकाच्या सोबतीला दिलेल्या देवदूताचा धडा घेतला आणि तेव्हापासून आमच्या घरात एक मेंबर वाढलाय. जेवताना शेजारी जागा सोडायची, रिक्षात मला म्हणायचं “आई, जरा सरक ना”, झोपताना भिंतीकडची बाजू त्याची. नाव ठेवलंय बंड्या. परवा गृहपाठ राहिला तर म्हणे, बंड्याने आठवणच केली नाही.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पण आमच्या सासूबाई सीएनआय या प्रोटेस्टंट चर्चच्या, नगरच्या. मी आणि मुलं कॅथलिक राहिलो यावर त्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. बंड्याचं ऐकून मात्र त्यांनी कलस्सैकरांस पत्र उघडून माझ्यापुढे ठेवलं, २:१८. देवदूतांची उपासना करायला लावणाऱ्यांपासून सांभाळा, असं तिथे आहे. “मध्यस्थ एकच, ख्रिस्त,” एवढं म्हणून मेथी निवडायला बसल्या.

दुसऱ्या बाजूला माझी मावसबहीण. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ता पाठवलाय. जन्मतारखेवरून तुमच्या देवदूताचं नाव, त्याचा रंग, वार आणि कसली मेणबत्ती लावायची ते. माझ्या तारखेपुढे जे नाव आहे ते मला नीट वाचताही येत नाही.

आणि तिसरी मी. सिस्टरांच्या बोर्डिंगला होते तेव्हा झोपायच्या आधी रक्षकदूताची प्रार्थना पाठ म्हणायचो. पुढे सुटली. आता मुलगा रोज त्याच्याशी गप्पा मारतो आणि मला मात्र काय बोलावं ते सुचत नाही. देवाशी बोलते, मरियामातेशी तर दिवसभर चालूच असतं. मग मध्ये हा कोण? मोठ्या माणसाने याच्याशी काय बोलायचं? कोणी खरंच बोलतं का?

खडकीचे_आजोबा

ताई, मी ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालो. रविवारचं धर्मशिक्षण मात्र अजून घेतो, त्यामुळे बंड्यासारखे पुष्कळ पाहिलेत.

आधी तो तक्ता पुसून टाका. ते राशिभविष्यच आहे, फक्त वर मेणबत्ती लावलेली. आपली ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, देवदूतांची तीनच नावं घेते, मिखाएल, गॅब्रिएल आणि रफाएल, कारण पवित्र शास्त्रात तेवढीच आहेत. हा उद्योग नवा नाही. सन ७४५ मध्ये पोप झकारिया यांनी रोममध्ये परिषद भरवली होती. आल्डेबर्ट नावाचा एक भोंदू आपल्या प्रार्थनेत देवदूतांची भलतीसलती नावं घालून लोकांना नादी लावत होता. परिषदेने ती नावं फेटाळली. २००१ साली व्हॅटिकनने लोकभक्तीविषयी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हेच आहे की या तिघांखेरीज दूतांना नावं ठेवण्याची पद्धत नको.

म्हणजे बंड्याही नको. पण लेकराला रागावू नका. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा १३वा अध्याय वाचून दाखवा. शमशोनाचा बाप मानोहा देवदूताला नाव विचारतो. दूत म्हणतो, माझं नाव कशाला विचारतोस, ते अद्भुत आहे. हा अध्याय सासूबाईंच्या बायबलमध्येही आहे, त्यांनाच वाचायला सांगा. मग मुलाला म्हणा, त्याला देवाने ठेवलेलं नाव आधीच असेल तर आपण वर दुसरं कशाला? माझ्या वर्गातल्या मुलांनी एकदा आपापल्या दूतांना क्रिकेटवाल्यांची नावं दिली होती. मग कोणाचा दूत फॉर्मात आहे यावरून मारामाऱ्या सुरू झाल्या. तेव्हापासून मी सरळ “माझ्या दूता” म्हणायला शिकवतो.

गृहपाठाचं त्याला स्पष्ट सांगा. दूत मनात विचार घालू शकतो, पण माणसाची इच्छा त्याला वळवता येत नाही. तो अधिकार देवाचा, असं मध्ययुगातले मोठे धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस सांगतात. आठवण तो करेल, वही मुलानेच उघडायची.

आता सासूबाई. त्यांचं वचन बरोबर आहे आणि आपलंही तेच म्हणणं आहे. आराधना फक्त देवाची. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात योहान दूताच्या पायाशी पडतो, तर दूत त्याला अडवतो आणि सांगतो की असं करू नको, मीही तुझ्यासारखा दासच आहे. रक्षकदूताला आपण “माझ्यासाठी देवाकडे शब्द टाक” म्हणतो, “माझ्याबरोबर चल” म्हणतो. शेजाऱ्याला प्रार्थना करायला सांगतो तेवढंच ते. मत्तय १८:१० मध्ये प्रभू येशू स्वतः लहान मुलांविषयी म्हणतो की त्यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचं मुख नेहमी पाहत असतात. ‘त्यांचे’ दूत.

राहिला तुमचा प्रश्न. मोठ्या माणसाने तोबीतचं पुस्तक वाचावं. सासूबाईंच्या प्रतीत ते नसेल, आपल्यात आहे. आंधळ्या तोबीतला मुलाबरोबर लांबच्या प्रवासाला माणूस हवा असतो. एक जण येतो, नाव सांगतो अजऱ्या. तोबीत आधी त्याचं कूळ विचारतो, मग दिवसाचा एक द्राख्मा मजुरी ठरते. कुत्राही निघतो बरोबर. वाटेत मुलाला मासा धरायला लावणं, मुलाचं लग्न जमवणं, दुसऱ्याकडे ठेवलेले पैसे वसूल करून आणणं, सगळं हा अजऱ्या करतो. परत आल्यावर अर्धी संपत्ती देऊ करतात तेव्हा कुठे तो सांगतो की मी रफाएल. आणि वर म्हणतो, माझे नाही, देवाचे उपकार माना. माझ्या मते रक्षकदूताशी कसं वागावं ते यातून नीट कळतं. सोबतीला आलेल्या शहाण्या माणसाशी वाटेत जे बोलाल ते बोला. कुठे वळायचं, कोणावर विश्वास टाकायचा, पैशाचं काय करायचं. गोड गोड शब्द जुळवायची गरज नाही.

एक पथ्य मात्र पाळा. स्तोत्र ९१ मध्ये आहे की तो आपल्या दूतांना तुझं रक्षण करायची आज्ञा देईल. नेमकं हेच वचन सैतानाने प्रभूला ऐकवलं होतं, मंदिराच्या टोकावरून उडी मार म्हणून. तेव्हा दूत आहे म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्या पुणेकरांनी ते वचन कोणाच्या तोंडी आहे ते बघून घ्यावं.

सदाशिवपेठी

मी हिंदू आहे, सहज वाचत होतो. कोकणात आमच्या गावाला राखणदार असतो, त्याला वर्षाचा नारळ द्यावा लागतो. हे तसंच आहे का? की घरातलं गेलेलं माणूस दूत होऊन राखण करतं?

खडकीचे_आजोबा

दोन्ही नाही. राखणदार जागेचा, हा माणसाचा. नारळ लागत नाही, नवस नाही, कोपही नाही. आणि मेलेलं माणूस देवदूत होत नाही. आमच्यातलेही काही जण “आजी आता माझी एंजल झाली” म्हणतात. आजी संत होईल, दूत नाही. दूतांना कधी शरीर नव्हतंच. बाकी अक्वायनसांच्या मते रक्षकदूत प्रत्येक माणसाला असतो, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. म्हणजे तुम्हालाही आहे, तुम्ही माना किंवा मानू नका.

रात्रपाळी

मी नर्स आहे, बहुतेक रात्रीच असते. कोणी खरंच बोलतं का, याला माझं उत्तर: हो, मी बोलते.

लिफ्टमधून वॉर्डात जाताना आधी माझ्या दूताला म्हणते, चल. मग दारातूनच सगळ्या पेशंटांच्या दूतांना नमस्कार. खाटांवर जेवढे झोपलेत तेवढे उभे आहेत असं धरते. पेशंट बीडचा असतो, बिहारचा असतो, कधी त्याची भाषाच मला येत नाही. त्याच्या दूताला मात्र माझी येत असणार. सुई लावायच्या आधी म्हणते, बाबा, याला धीर दे, शीर सापडू दे.

ही सवय मला एका रिट्रीटमध्ये (प्रार्थना-शिबिरात) लागली. रामवाडीच्या सेमिनरीतले एक फादर आले होते. त्यांनी संत पीटर फेबर यांचं सांगितलं. जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नासच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक. युरोपभर पायी फिरायचे आणि ज्या गावात शिरतील तिथल्या लोकांच्या दूतांना आधी विनवायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये त्यांना संतपद दिलं. दुसरी गोष्ट पोप योहान तेविसावे यांची. ते परदेशात पोपचे प्रतिनिधी होते तेव्हा त्या वेळचे पोप पायस अकरावे यांनी त्यांना सांगितलं होतं की अवघड माणसाला भेटायला जाताना आपल्या दूताला म्हणावं, त्याच्या दूताशी आधी बोलून ठेव.

हे मी करून पाहिलं. पहाटे तीनला एका पेशंटचा मुलगा माझ्या अंगावर ओरडत होता. मी मनात म्हटलं, दूता, याच्या दूताशी बोल बाबा. तो काही गप्प झाला नाही, सिक्युरिटीला बोलवावंच लागलं. पण मी एक शब्द उलट बोलले नाही. माझा स्वभाव माहीत असलेल्या आमच्या सीनियरना तोच चमत्कार वाटला.

ताई, लांबलचक प्रार्थनेने सुरुवात करू नका. घराबाहेर पडताना “चल” म्हणा. आठवड्यातून एकदा “थँक्यू” म्हणा. पुढचं आपोआप सुचतं.

येरवडा_९२

सगळं छान आहे. माझा भाऊ नगर रोडवर डंपरखाली गेला. हेल्मेट होतं, गळ्यात संत मिखाएलचं लॉकेट होतं. अंत्यविधीला कोणीतरी म्हणालं, देवदूत त्याला न्यायला आले. दोन मिनिटं आधी का नाही आले?

खडकीचे_आजोबा

बाळा, ‘का’चं उत्तर माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे असं तो म्हणेल त्याच्यापासून लांब राहा.

एवढंच सांगतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. पेत्र तुरुंगात दोन साखळ्यांनी जखडलेला, दोन शिपायांच्या मध्ये झोपलेला. दूत येतो, कुशीवर मारून त्याला उठवतो, चपला घाल म्हणतो, बाहेर काढतो. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच अध्यायाच्या दुसऱ्या ओळीत हेरोद राजाने याकोबाला, तोही प्रेषितच, तलवारीने मारलंय. तेच गाव, तोच राजा. याकोबाला दूत नव्हता असं ख्रिस्तसभेने कधी म्हटलं नाही. आणि गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूजवळ दूत आला तो धीर द्यायला. दुःखाचा प्याला त्याने बाजूला केला नाही.

अंत्यविधीत शवपेटी चर्चमधून निघताना आपण म्हणतो की देवदूत तुला नंदनवनात नेवोत. कोणीतरी समजूत काढायला म्हटलेलं वाक्य नव्हे ते, ख्रिस्तसभेची फार जुनी प्रार्थना आहे. भावाचा दूत त्या दोन मिनिटांतही तिथेच होता असं मी मानतो. तुला आज ते पटलं पाहिजे असं नाही.

येरवडा_९२

याकोबाकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. राग आहेच.

रात्रपाळी

राग असू दे. आमच्या आयसीयूच्या दारात मीही दूताशी भांडलेय, मराठीत आणि नको त्या शब्दांत. भावाचं नाव पाठवा, मेसेजमध्ये चालेल. मिस्सात, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, त्याचं नाव घेईन.

चंदननगरची_आई

सगळ्यांचे आभार. येरवड्याच्या दादा, तुमच्या भावासाठी आमच्याकडेही प्रार्थना होईल.

सासूबाईंनी मानोहाचा अध्याय चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, “हे बरोबर आहे.” मग तोबीत बायबलमध्ये बसतो की नाही यावर आमची तासभर जुंपली. ते काही मिटायचं नाही. धाकट्याने नाव सोडलंय, पण एका अटीवर. मेल्यावर पहिल्यांदा खरं नाव तो स्वतः विचारणार. जेवताना जागा अजून सोडावी लागते, ते मी चालवून घेतेय. मावसबहिणीला मात्र अजून काही बोलले नाही, तिने तक्त्यावरून पेंडंटही घेतलंय.

सकाळी पीएमपीच्या बसमध्ये उभी राहून मी “चल” म्हणून पाहिलं. शेजारच्या बाईंना वाटलं त्यांनाच पुढे सरकायला सांगतेय.

एक विचारायचं होतं. रक्षकदूतांचा सण २ ऑक्टोबरला ना? गांधी जयंतीची सुट्टी असते, मुलाला सिटी चर्चला न्यावं म्हणते. मिस्सा सकाळी असेल का?

खडकीचे_आजोबा

हो, २ ऑक्टोबरच. पोप क्लेमेंट दहावे यांनी १६७० साली ही तारीख सगळ्या ख्रिस्तसभेसाठी लावून दिली. तिन्ही महादूतांचा सण आधी येतो, २९ सप्टेंबरला. त्या दिवशीही मुलाला नेता आलं तर न्या. २ तारीख रविवारी आली तर त्या वर्षी रविवारचीच मिस्सा होते, रक्षकदूतांची वेगळी नाही, एवढं कॅलेंडरात पाहून घ्या. सुट्टीच्या दिवशी वेळा बदलतात, तेव्हा क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जायच्या आधी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ऑफिसात फोन करा.