भिंतीवरचा मजकूर कलाकृती केव्हा ठरतो?

प्रश्न
आमच्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या लांब, कोऱ्या भिंतीवर चित्राऐवजी केवळ मजकूर रंगवावा, असे रहिवाशांचे जवळपास ठरले आहे. मात्र सुविचारांचा फलक आणि शब्दांची कलाकृती यांत नेमका फरक कोणता, यावर एकमत होत नाही. मजकूर निवडावा कसा?

उत्तर १
माझ्या मते फरक वाक्याच्या थोरवीत नसून ते त्या जागेसाठी लिहिले आहे की नाही, यात आहे. अमेरिकी कलाकार स्टीव्ह पॉवर्स यांनी २००९ मध्ये फिलाडेल्फिया शहरातील मार्केट स्ट्रीटलगत ५० भिंतींवर एक प्रेमपत्र रंगवले, ते उन्नत रेल्वेतील प्रवाशाला तुकड्यातुकड्याने दिसावे अशा बेताने. हाच मजकूर एका फलकावर सलग लिहिला असता, तर त्यातले निम्मे लाघव गेले असते. म्हणून तुमच्या भिंतीसमोरून माणसे चालत जातात, वाहनाने जातात की तिथे थांबतात, हे आधी काही दिवस पाहा. वाक्य नंतर शोधा.

उत्तर २
जागेला इतके महत्त्व देणे मला पटत नाही. नेदरलँड्समधील लायडन शहरात १९९२ पासून शंभराहून अधिक कविता भिंतींवर रंगवल्या गेल्या, त्याही बहुतांशी मूळ भाषेत आणि मूळ लिपीत. पहिली कविता रशियन कवयित्री मारिना त्स्वेतायेवा यांची, रशियन भाषेतली. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी अनेकांना ती वाचता येत नाही, तरी अक्षरांचे वळण त्यांना थांबवते. वाक्य साधे असले तरी चालेल, अक्षर मात्र संगणकातून उचललेले नको.

उत्तर ३
अक्षरे रंगवण्याचे काम करत असल्याने एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. १० मीटरवरून सहज वाचता यावे यासाठी अक्षराची उंची साधारण ८ सेंटिमीटर हवी, असा ढोबळ हिशेब आहे. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची धरावी. वर मात्रा व रफार आणि खाली उकार यांना वेगळी जागा ठेवली नाही, तर ओळी एकमेकींत घुसतात. ओल असलेल्या भिंतीवर तर आखणीसुद्धा करू नका.

प्रश्नकर्ता
भिंतीसमोर बसथांबा आहे, म्हणजे वाचक काही मिनिटे जागचा हलत नाही, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. आता एका ठसठशीत वाक्याऐवजी सावकाश वाचण्याजोगा लांब मजकूर घेण्याचा विचार आहे. ओल मात्र आधी तपासून घेतो.