सेनेगलच्या ताटातली कणी : वसाहतवादाला दोष किती काळ द्यायचा?

पिंपळपान (मूळ धागा)

सप्टेंबर 2022 मध्ये भारताने तांदळाच्या कणीची निर्यात बंद केली, तेव्हा आपल्याकडे ती बातमी व्यापाराच्या पानावरच राहिली. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये मात्र तिची झळ थेट स्वयंपाकघराला लागण्यासारखी होती. मासे आणि भाज्यांच्या रश्श्यात शिजवलेला कणीचा भात, म्हणजे ‘चेबुजेन’, हे तिथले राष्ट्रीय अन्न आहे. आपण जी कणी पेजेला ठेवतो किंवा कोंबड्यांपुढे टाकतो, तिला तिथे अख्ख्या तांदळापेक्षा अधिक पसंती आहे.

ही आवड आपोआप रुजलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रेंचांनी तेलासाठी भुईमुगाच्या लागवडीचा जोर लावला, बाजरीखालची जमीन त्याने व्यापली, आणि खाणाऱ्यांची तोंडे भरण्यासाठी इंडोचायना या आपल्याच दुसऱ्या वसाहतीतली स्वस्त कणी डाकार या आजच्या राजधानीच्या बंदरात उतरवली. 1885 मध्ये डाकार ते सेंट लुई ही रेल्वे काजोर राज्याच्या भुईमूग पट्ट्यातून काढली गेली. तिला विरोध करणारा काजोरचा राजा लात जोर पुढच्याच वर्षी लढाईत मारला गेला. 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी भुईमूग विकून तांदूळ विकत घ्यायचा हा व्यवहार चालूच राहिला आणि 1945 मध्ये पॅरिसने सुरू केलेले, फ्रान्सच्या चलनाला ठरावीक दराने बांधलेले आणि अनेक फ्रेंच वसाहतींत सामाईक असलेले सीएफए फ्रँक हे चलनही तसेच राहिले. त्यामुळे आफ्रिकेतला वसाहतवाद हा केवळ इतिहासाचा विषय आहे, असे मला वाटत नाही.

तर्कट

आपण दिलेला इतिहास मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सेनेगल नदीच्या खोऱ्यातली दियामा आणि मनंताली ही धरणे 1980 च्या दशकातच पूर्ण झाली, खोऱ्यात भातशेतीला पाणी मिळाले, तरीही पुढची अनेक वर्षे आयात वाढतच गेली, कारण डाकारच्या शहरी मतदाराला स्वस्त भात देणे हे प्रत्येक सरकारला शेतकऱ्याला चांगला भाव देण्यापेक्षा सोयीचे वाटले. हा निर्णय पॅरिसने नव्हे, डाकारने घेतला.

चलनाचेही तेच. शेजारच्या मालीने 1962 मध्ये स्वतःचा फ्रँक काढला, तो सावरता सावरेना, आणि 1984 मध्ये माली आपण होऊन सीएफए गटात परतला. स्वतःचे चलन असलेल्या घानात 2022 च्या अखेरीस महागाईचा दर 50 टक्क्यांच्या वर गेला होता, हे विसरून सीएफएविरुद्ध ‘गुलामीचे नाणे’ अशी घोषणा देणे सोपे आहे. (घोषणा देणाऱ्यांपैकी कितीजण आपली बचत घानाच्या सेदीत ठेवतील, हा वेगळा प्रश्न.)

पिंपळपान

माली ‘आपण होऊन’ परतला हे शब्दशः खरे आहे, पण त्याच्यापुढे पर्याय कोणते होते तेही पाहावे. मालीला समुद्र नाही. त्याचा माल बाहेर नेणारा एकमेव लोहमार्ग फ्रेंचांनी डाकारकडे नेलेला. 1960 मध्ये माली-सेनेगल संघराज्य फुटताच तो मार्ग बंद पडला आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे बंदच राहिला. अशा देशाने नवे चलन चालवून दाखवावे, ही अपेक्षा कागदावरच ठीक आहे.

महागाईचा मुद्दा मी नाकारत नाही. पण जानेवारी 1994 मध्ये सीएफएचे मूल्य एका फटक्यात निम्मे झाले, एका फ्रेंच फ्रँकला 50 ऐवजी 100 सीएफए मोजावे लागू लागले, आणि आयात केलेल्या भातावर जगणाऱ्या डाकारच्या गरिबाला सीएफएच्या स्थैर्याचा अर्थ किराणा दुकानात कळला.

वऱ्हाडी वाचक

आपण दोघेही रुळांच्या दिशेवर बोलत आहात म्हणून विचारतो. आमच्याकडची खामगावची शाखा 1870 मध्ये सुरू झाली तीसुद्धा कापूस मुंबई बंदरात नेण्यासाठीच. मात्र त्याच मुंबईत 1850 च्या दशकापासून देशी भांडवलाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या, आणि कापसाचा काही भाग तरी इथेच कातला जाऊ लागला. रूळ तेच काम करत असताना सेनेगलमध्ये असे का घडले नाही, याचे उत्तर दिल्याशिवाय सगळा दोष रुळांवर ढकलता येणार नाही.

पिंपळपान

प्रश्न रास्त आहे. माझ्या मते उत्तर व्यापारी पेढ्यांत आहे. सेनेगलमधला भुईमुगाचा घाऊक व्यापार फ्रान्समधल्या बोर्दोच्या मोठ्या पेढ्यांच्या हाती होता, गावोगावची खरेदी पुढे लेबनानी अडत्यांकडे गेली, आणि मुंबईच्या पारशी-भाटियांसारखा स्वतःच्या पैशाने गिरणी काढू शकणारा स्थानिक वर्ग वाढायला त्यात जागाच उरली नाही.

तर्कट

मग 1960 नंतर ती जागा मोकळी झाली तेव्हा सरकारने भुईमुगाचा व्यापार स्वतःच्या मंडळाच्या ताब्यात का घेतला? त्या मंडळानेही शेतकऱ्याला बाजारापेक्षा कमी भाव दिला आणि उरलेल्या पैशावर नोकरशाही पोसली. बोर्दोची पेढी गेली आणि तिच्या गादीवर डाकारचे कार्यालय बसले, एवढेच झाले. ते बसवणारे लोक फ्रेंच नव्हते.