ई-पुस्तकाला तुम्ही किती मोजता?

'परवडेल तेवढे' असे मोघम उत्तर नको. कागदी प्रतीच्या तुलनेत सांगा, आणि हात कुठे आखडला तेही लिहा.

सुरुवात मीच करतो. निम्म्याच्या वर जात नाही. पूर्वी म्हणायचो, कागद नाही, छपाई नाही, मग पैसे कसले? प्रकाशनात काम करणाऱ्या मित्राने झापले. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, लेखकाचे मानधन, सगळा खर्च तसाच राहतो. पटले. तरी निम्मेच, कारण वाचून झालेले पुस्तक मला कुणाला देता येत नाही की विकता येत नाही.

* * *

शून्य! प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून चालू आहे, जुने इंग्रजी वाङ्मय तिथे फुकट मिळते. मराठीत मात्र हरले. एका फुकट प्रतीत छापील पानांवरून मजकूर उचलणाऱ्या यंत्राने 'ख'चा सगळीकडे 'रव' वाचला होता. 'रवरे', 'दुःरव', 'रविडकी'. पन्नासाव्या पानावर शरण गेले आणि विकतची घेतली.

* * *

आईसाठी घेते, कागदीइतकी किंमत असली तरी. अक्षर हवे तेवढे मोठे होते, बस्स.

* * *

मी ज्यातून ई-पुस्तके घ्यायचो ते दुकानच बंद पडले. तीसेक पुस्तके गेली. फायली डीआरएमने, म्हणजे विक्रेत्याच्या डिजिटल कुलपाने, बंद; दुसऱ्या कशावर उघडेनात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा निदान ग्राहकांचे पैसे परत दिले. मला फक्त एक आभाराची ईमेल आली! आता साधी, बिनकुलपाची ईपब (ई-पुस्तकाचा एक फाईल-प्रकार) असेल तर कागदीच्या पाऊणपट देतो. कुलूप असेल तर वाचनालयाच्या वर्गणीइतकेच, कारण ती खरेदी नव्हेच, नुसता वाचायचा परवाना.

* * *

मी लिहिणाऱ्यांच्या बाजूचा. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर स्वतः ई-पुस्तक काढले, तर अमेरिकेत २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीला ७० टक्के मानधनाचा पर्याय आहे, त्याबाहेर ३५. म्हणजे ९९ सेंटच्या पुस्तकातले लेखकाला जेमतेम ३५ सेंट. वाचक मात्र तेवढ्यालाही 'जरा महाग नाही का' म्हणतात.

* * *

मी किंमत बघतच नाही, सवलत बघते. दोनशेच्या वर पुस्तके पडून आहेत.

आणि हो, ती 'रविडकी'वाली प्रत माझ्याकडेही आहे. विकत घेतलेली.